उसवू नये

मित्रांनो, मी एक जुना फ्रॉक आहे. पिस्त्यासारखा फिकट हिरवा, गळ्याला पांढरी गोट, पाठीवर तीन बटणं. त्यातलं मधलं बटण इतर दोघांपेक्षा किंचित मोठं आहे. नव्या कपड्याला कोणी काही विचारत नाही. जुन्या कपड्याला मात्र आधी विचारतात, की बाबा, तू कोणाचा होतास? आणि त्याला तोंड नसतं. माझ्या वाट्याला जो काही वैताग आला, तो सगळा या एका गोष्टीतून आला.

माझा जन्म उमरेडचा. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या भैरवीने मला तिच्या आईच्या सुती साडीतून शिवलं. ती साडी दहा-बारा वर्षं धुतली गेली होती. तिच्यातली खळ, तिच्यातला ताठा केव्हाच वाहून गेला होता. लेकीच्या तिसऱ्या वाढदिवसासाठी भैरवीने मला कापलं, पण कापताना हात आखडला नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणींत दोन-दोन बोटं कापड आत ठेवलं आणि खालच्या दुमडीत चार बोटं. शिवणारी माणसं याला माया सोडणं म्हणतात. लेकीला टोचू नये म्हणून ते जास्तीचं कापड तिने आतून बारीक हातशिलाईने असं बसवलं, की बघणाऱ्याला अस्तरच वाटावं.

वर्षभराने लेक वाढली. भैरवीने बाजूचं अर्धं बोट आणि खालचं एक बोट उसवून मला मोठं केलं. त्या पोरीच्या अंगावर मी किती उड्या मारल्या, किती आमरस झेलला, काही विचारू नका. मग भैरवीची बदली झाली आणि सगळे पुण्याला गेले. तिथे लेकीला जाळीचे, चमकीचे फ्रॉक आवडू लागले. मला बघून ती म्हणाली, "हा आजीसारखा दिसतो." झालं. मी कपाटाच्या तळाशी गेलो, आणि एका रविवारी सोसायटीच्या फाटकाशी जुने कपडे न्यायला आलेल्या गाडीत. पिशवीत घालण्याआधी भैरवीने मला एकदा गालाला लावलं होतं, एवढं मला आठवतं.

गाडी एका कंपनीची होती. ती कंपनी जुने कपडे निवडून, धुऊन, लहान मुलांच्या घरी सहा-सहाच्या संचाने पाठवत असे. लेकरू वाढलं, की संच परत करायचा आणि पुढच्या मापाचा मागवायचा. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण त्या गोदामात मला पाच मिनिटांत मोजून, वाफ देऊन, कसलासा वास फवारून एका पिशवीत कोंबलं. माझ्या आत काय आहे हे पाहायला तिथे कोणाला वेळ होता? गळ्याशी बारकोडच्या काळ्या रेघांची एक चिकटपट्टी लावली, तिच्यावर लिहिलं, 'वय ३ ते ४'. उमरेड, भैरवी, ती साडी, सगळं त्या पट्टीखाली गेलं.

तिथून मी नागपूरला आलो. मानेवाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, भूमिकाच्या घरी. एप्रिल संपत आला होता.

भूमिका कॉलेजात शिकलेली, वाचणारी, आणि भारी काळजी करणारी मुलगी. तिच्या साडेतीन वर्षांच्या गार्गीच्या अंगावर वर्षभरापासून लाल चट्टे उठत. उन्हाळा लागला की त्यात घामोळं मिसळे, आणि पोर खाजवून खाजवून रक्त काढी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सुती घाला, सैल घाला, धुऊन धुऊन मऊ झालेलं घाला. आता एकुलत्या एका पोरीसाठी मऊ झालेलं आणायचं कुठून? भूमिकाने शोधलं आणि तिला आमची कंपनी सापडली. जुनं, स्वच्छ, आणि पृथ्वीवर नव्या कापडाचा भारही नाही. तिला वाटलं, एका दगडात दोन पक्षी.

तिने बॉक्स उघडला. मोठ्या प्लॅस्टिकमध्ये सहा लहान प्लॅस्टिकं.

"हे काय पृथ्वी वाचवून राहिले?" ती स्वतःशीच म्हणाली.

पहिला निघाला लोकरीचा स्वेटर. नागपुरात, एप्रिलमध्ये. मग टिकल्यांचा झगमगीत फ्रॉक. मग एक जाड जीन्स, एक रेनकोट, गुडघ्यावर विरलेला पायजमा, आणि शेवटी मी. भूमिकाने सुती कपडे मागितले होते, तीनदा लिहून. सहांत मऊ सुती आम्ही दोघेच, आणि पायजमा तर जाण्याच्याच वाटेवर होता.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, प्रेमिलाबाई, लसूण सोलता सोलता बाहेर आल्या.

"का मागवलं वं हे?"

"जुने कपडे आहेत, आई. गार्गीसाठी."

"जुने? अन् कुरिअरनं?" प्रेमिलाबाईंनी स्वेटर दोन बोटांत उचलला. "आपल्या इकडं जुन्या कपड्याचा दुष्काळ पडला का बापा?"

"आपल्या नात्यात लहान मूल आहे का कोणी? सांगा बरं."

"जुन्याले मी नाही म्हनत नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "गार्गीले पहिलं अंगडं कोनं घातलं? मीच. खालच्या पिंटूच्या पोरीचं होतं. पन ते पोट्टी मी पाहेली होती, कशी टनक होती. ज्या लेकराचं घालावं ते लेकरू धडधाकट पाहिजे, वाढलेलं पाहिजे. हे कोनाचं आहे? त्या लेकराचं पुढं का झालं, माहीत आहे का तुले?"

भूमिकाने ते उडवून लावलं. "असं काही नसतं, आई." पण काळजी करणाऱ्या माणसाच्या मनात एखादी गोष्ट गेली, की ती कुसळासारखी आत आत जाते. दुपारी तिने कंपनीला मोबाईलवर विचारलं, 'हिरवा फ्रॉक आधी कोणाचा होता?' उत्तर आलं, 'आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे.' तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं, शेवटी हसरा चेहरा लावून.

मित्रांनो, मी तिच्या मांडीवरच होतो! ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, ती पोर पुण्यात आहे, ठणठणीत आहे, सायकल चालवते, आईला उलट बोलते! पण कपड्याला तोंड असतं तर काय हवं होतं.

भूमिकाने मला तीनदा उकळलं. एकदा साध्या पाण्यात, एकदा कडुलिंबाचा पाला घालून, एकदा डेटॉल टाकून. बटण तुटून पोरीच्या घशात जाईल म्हणून एकेक बटण ओढून पाहिलं, मधलं सैल वाटलं ते पुन्हा पक्कं केलं. गोट उलटून पाहिली, बाह्या उलटून पाहिल्या. इतकी बारीक नजर तिची, पण भैरवीची शिलाई तिच्याहून बारीक. अस्तर समजून ती पुढे गेली.

आणि मग तिने मला गार्गीच्या अंगात घातलं.

दुपारची वेळ होती. कूलर घरघरत होता, खसाच्या ताट्यांचा वास येत होता. भूमिका पोरीच्या उशाशी हात धरून बसली, कारण एरवी झोपेत पोर खाजवायची आणि तिला हात धरावे लागायचे. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. गार्गीने खाजवलं नाही. भूमिकाने हळूच आपला हात सोडवला, आणि कितीतरी दिवसांनी ती दुपारी गरम जेवण जेवली.

पुढचे तीन-चार आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात मानाचे. रोज संध्याकाळी मला धुवायचं, गॅलरीत टाकायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात मी भाजी फोडणीला पडेपर्यंत वाळलेला असे. सकाळी पुन्हा अंगात. बाकीचे पाच जण बॉक्समध्ये तसेच पडून होते. गार्गीच्या पाठीवरचे चट्टे फिके होत गेले. मला घातलं, की प्रेमिलाबाई पोरीच्या कपाळाला अंगाऱ्याचं बोट लावत. ते त्या न पाहिलेल्या लेकराच्या भीतीने, मला ठाऊक होतं. मला वाईट वाटे.

मग नवतपा लागला. त्या नऊ दिवसांत इथली जमीनसुद्धा फुगते म्हणतात. त्याच सुमारास गार्गीही वाढली. खाज थांबली, तशी खाऊ लागली, झोपू लागली आणि अंगाने भरली. मी तिला काखेत आवळू लागलो. आणि जिथे आवळलो, तिथेच लाल पट्टा उठला.

भूमिकाने तो पट्टा पाहिला आणि लगेच मला पोरीच्या अंगातून काढलं.

"हा पण गेला," ती म्हणाली. "एकच कपडा होता जो तिला चालत होता."

माझ्या आत दीड-दीड बोट कापड होतं, मित्रांनो. दोन्ही बाजूंना. मी तिच्या हातात होतो, आणि ती मला घडी घालून परत पाठवायच्या पिशवीत ठेवत होती.

पिशवीबरोबर एक कार्ड होतं. त्यावर ठळक लिहिलं होतं, 'सहाही नग एकत्र परत करावेत. कापू नये. उसवू नये. शिवू नये.' भूमिकाने विचारलं, हा एकच ठेवून पाच परत केले तर? उत्तर आलं, तशी सोय नाही. नेणारा माणूस मंगळवारी येईल असं कंपनीने कळवलं. मंगळवारी ती गार्गीला मांडीवर घेऊन दारातच बसली. संध्याकाळी मोबाईलवर आलं, 'ग्राहक घरी उपलब्ध नाही.' गुरुवारी तसंच. शनिवारीसुद्धा.

"मी दारात होते! दारात!" ती मोबाईलवर ओरडली. मोबाईल काय बोलणार?

तिचा नवरा, प्रीतम, कळमेश्वरच्या कारखान्यातून नुकताच आला होता, बूट काढत होता. "बंद कर ना हे झंझट. दोन नवीन फ्रॉक आणून टाकू."

"नवीन टोचतात तिला, प्रीतम. किती वेळा सांगू?"

"मग जुने आण."

"जुनेच तर आणले होते ना!"

प्रीतमने हात जोडले आणि तो आंघोळीला गेला. आमची पिशवी चपलांच्या रॅकशेजारी पडून राहिली.

सोमवारी भूमिका गार्गीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. घरी प्रेमिलाबाई एकट्याच होत्या. आणि खालून हाक आली, "भांडेऽऽ! जुन्या कपड्यावर भांडेऽऽ!"

ती सिंधूताई. डोक्यावर टोपलं, टोपल्यात स्टीलची भांडी, पाठीला कपड्यांचं गाठोडं. या भागातल्या सगळ्या बायका तिला ओळखत. प्रेमिलाबाईंनी पिशवी उघडली. जुने कपडे होते, घरातल्या कोणाला होत नव्हते, आठवडाभर वाटेत पडले होते. त्यांच्या हिशेबाने याहून सरळ गोष्ट नव्हती. त्यांनी पाऊण तास घासाघीस केली, आम्हा सहा जणांवर एक झाकणाचा गंज, म्हणजे पातेलं, मिळवला, आणि वर एक चमचा मागून घेतला.

भूमिका परत आली. गंज ओट्यावर चमकत होता. रॅकशेजारची जागा रिकामी होती.

"आई, इथली पिशवी?"

"हे पाहाय, कसा जाड बुडाचा गंज देला तिनं. भाजीले होते."

"आई... ते कपडे आपले नव्हते!"

"आपले नव्हते तर आपल्या घरात काहून होते?"

"परत करायचे होते!"

"जुने कपडे कोनी परत करते का वं? मले का माहीत?" प्रेमिलाबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला.

भूमिकाने गंज उचलला, पोरीला सासूच्या हवाली केलं आणि त्या उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, ती धावत सुटली. खरं सांगू? तिला स्वेटर नको होता, जीन्स नको होती. कंपनीला काय सांगायचं, ही भीती होतीच. पण धावताना ती एकच म्हणत होती, "तो हिरवा नको जायला. तो हिरवा नको." जो आता पोरीला होत नाही, त्याच्यासाठी ती काहून धावत होती, हे तिलाही सांगता आलं नसतं. मला वाटतं, त्या दुपारची ती अर्ध्या तासाची झोप तिच्या मनातून जात नव्हती.

सिंधूताई दोन गल्ल्या पलीकडे, मारुतीच्या देवळामागे कडुलिंबाच्या सावलीत भाकरी खात बसली होती. शेजारी गाठोडं सोडलेलं. आणि मी? मी गाठोड्यात नव्हतोच. मी तिच्या मांडीवर होतो, वेगळा काढलेला.

"ताई, ते कपडे परत द्या. चुकून दिले आईंनी. हा घ्या तुमचा गंज."

सिंधूताईने घास चावला, तिला खालून वर पाहिलं. "चमचा?"

भूमिका चमचा विसरली होती.

"राहू दे चमचा," सिंधूताई हसली. "पानी पे आधी. पोट्टी, एवढ्या उन्हात धावते का कोनी? हे पाच घेऊन जाय, माह्या कामाचे नाही. सूटर पाहून तर मीच विचार करून राहिली होती, बाईले वेड लागलं का काय. पन हा हिरवा मी नातीसाठी ठेवला."

"तोच पाहिजे मला."

"काहून? तुह्या पोरीले होत नाही म्हने."

"नाही होत. काखेत आवळतो."

सिंधूताईने भाकरी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले. मग तिने मला उलटं केलं आणि बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, जसं आपण शेंगेतला दाणा चाचपतो तसा.

"शिकलेली आहे ना तू? मग आत नाही पाहेलं? हे अस्तर नोहे माय. माया सोडली आहे यात. दीड बोट इकडं, दीड बोट तिकडं. खाली तर पाहाय, पट्टाच्या पट्टा आहे."

भूमिकाने हात लावला. कितीदा तरी तिने मला धुतलं होतं, पिळलं होतं. आज पहिल्यांदा तिच्या बोटांना मी कळलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याबरोबर रागही. स्वतःचा, कंपनीचा, त्या 'वय ३ ते ४' लिहिणाऱ्या हाताचा.

सिंधूताईने मला क्षणभर धरून ठेवलं. तिच्या नातीच्या अंगावर मी शोभलो असतो, हे तिलाही दिसत होतं. मग तिने मला भूमिकाच्या हातात दिलं. "घेऊन जाय. पन चमचा उद्या आनून देजो."

घरी येऊन भूमिकाने मला ओट्यावर पसरलं, शेजारी ब्लेड ठेवलं, आणि थांबली. समोर ते कार्ड होतं. उसवू नये. ती नियम वाचणारी आणि पाळणारी मुलगी. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही ती सोडत नाही.

प्रेमिलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. चूक झाल्यावर बोलायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं. म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि मला खिडकीच्या उजेडात धरलं.

त्यांनी मला उलटं करून शिवण डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाल्या, "भूमिका, इकडं ये वं. हे पाहाय."

शिवणीच्या आत, अर्धं बोट सोडून, बारीक बारीक छिद्रांची एक रांग होती. सुई जिथून एकेकाळी गेली आणि मग दोरा निघाला, अशी. कापड तिथे एका रेषेत किंचित गडद होतं.

"हे आधीची शिलाई. उसवली अन् पुन्हा बाहेरून घातली," प्रेमिलाबाई म्हणाल्या. बोट त्या रांगेवरून खालपर्यंत नेलं. खालच्या दुमडीतही तशीच रांग सापडली. "म्हंजे ते लेकरू वाढलं. आडवंही वाढलं, उभंही वाढलं. अन् त्याच्या मायनं मोठा करून देला."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला. "धडधाकट होतं वं लेकरू," त्या म्हणाल्या. "मी उगाच काहीबाही म्हनलं."

दीड महिना जे मी ओरडून सांगू पाहत होतो, ते त्या म्हाताऱ्या डोळ्यांनी चार इंचांत वाचलं होतं.

"पण कार्डावर लिहिलंय, उसवू नये," भूमिका म्हणाली.

"ज्यानं लिहिलं त्यानं हे शिवलं का?" प्रेमिलाबाईंनी ब्लेड तिच्या हातात दिलं. "ज्या माउलीनं शिवलं, तिनं उसवासाठीच शिवलं आहे. चाल, अर्धं बोटच काढ. सगळं नको काढू."

भूमिकाने एकेक टाका तोडला. मला एकदाही ब्लेड लागलं नाही.

तिने कंपनीला खरं तेच कळवलं. फोटो काढून पाठवला की बाजूच्या शिवणी आणि खालची दुमड उसवली आहे, बाकी पाच नग न्या. या वेळी उत्तर मात्र लगेच आलं. 'सदर नग आता आमच्या निकषात बसत नाही. कृपया आपल्या स्तरावर विल्हेवाट लावावी.' तिने ते मोठ्याने वाचलं. प्रीतम हसला, प्रेमिलाबाईंनी विल्हेवाट म्हणजे काय ते विचारलं, आणि भूमिकाने पुढचे बॉक्स मागवणंच बंद करून टाकलं. पाच जणांना न्यायला माणूस आला तो आणखी आठ दिवसांनी. आला तेव्हा भूमिका घरी होती. नेहमीसारखीच.

माझी विल्हेवाट अशी लागली, की दुसऱ्या दिवशी मी गार्गीच्या अंगावर बसून सिंधूताईला चमचा द्यायला खाली गेलो. सिंधूताईने मला ओळखलं, बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. आता तिच्या गाठोड्यात मऊ सुती काही आलं, की ती आधी तिसऱ्या मजल्याला हाक मारते. कोणाच्या घरचं आहे तेही सांगते. प्रेमिलाबाईंना तेवढंच हवं असतं.

मित्रांनो, माझी तक्रार जुनं वाटणाऱ्यांवर नाही. वाटावंच. पण वाटताना कपड्याला उलटं करून एकदा आत बघावं. कोणीतरी, कुठल्यातरी लेकराच्या पुढच्या वर्षासाठी, तिथे काही ठेवलेलं असतं. त्याला नंबर लावून पिशवीत कोंबू नका. आणि कोणाला कपडा देताना, तो कोणी घातला, कोणी शिवला, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. आम्हाला सांगता येत नाही.

गार्गी वाढते आहे. काल प्रेमिलाबाईंनी तिला दाराशी उभं करून मोजलं. होऊ दे मोठी. माझ्या बाजूला अजून एक बोट आहे, आणि खाली दोन.